जुना फोरम, नवं सॉफ्टवेअर : सामान हलतं, सवयींचं काय?

आजचं टिपण आम्ही दोघांनी मिळून केलंय. बोलणारा एकच असला तरी बोलण्यात 'आम्ही' येईल, तेवढं सांभाळून घ्या.

समीक्षा म्हटलं की पुस्तक, नाटक, सिनेमा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आज आम्ही एका सॉफ्टवेअरची समीक्षा करणार आहोत. त्याचं नाव डिस्कोर्स. नाव ऐकलं नसेल तरी चालेल, वापरलं बहुतेकांनी असतं. कुठल्या तरी उपकरणाची किंवा प्रोग्रॅमची अडचण शोधत आपण एका पांढऱ्या पानावर पोचतो. तिथे प्रतिसादांची एक न संपणारी पट्टी खाली सरकत असते आणि उजव्या बाजूला तारखांची उभी रेघ असते. ते बहुतेक वेळा डिस्कोर्स असतं. २०१३च्या फेब्रुवारीत ते जाहीर झालं. जेफ अ‍ॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन हे त्याचे कर्ते. अ‍ॅटवुड म्हणजे २००८ साली जोएल स्पोल्स्कीबरोबर 'स्टॅक ओव्हरफ्लो' सुरू करणारा. प्रश्नोत्तरांची ती जागा प्रचंड चालली, पण तिथे गप्पांना बंदी होती. गप्पांसाठी वेगळं घर बांधावं म्हणून डिस्कोर्स, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

समीक्षा का करायची? कारण गेल्या दहा-बारा वर्षांत जुने, नांदते समूह एकामागून एक या घरात राहायला गेले. पायथन भाषेचे विकासक गेले, ग्नोमचे गेले, उबुंटूचे गेले. आपल्या मराठी संस्थळांनाही आज ना उद्या कुठेतरी हलावंच लागणार आहे. हा प्रश्न चर्चेला येतो तेव्हा बोलणं फक्त एकाच गोष्टीचं होतं: डेटा येईल का? सगळे लेख, सगळे प्रतिसाद सुखरूप पोचतील का? आमचं म्हणणं असं की तो प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न वेगळा आहे. जुन्या सॉफ्टवेअरच्या कोपऱ्याकोपऱ्यांत आपल्या ज्या सवयी राहत होत्या, त्यांना नव्या घरात कोण जागा देणार?

आधी एक उदाहरण नीट बघू. उबुंटू फोरमचं.

उबुंटू ही लिनक्सवरची मोफत कार्यप्रणाली, कॅनॉनिकल कंपनीची. पहिली आवृत्ती आली ऑक्टोबर २००४ मध्ये, आणि त्याच सुमारास हा फोरमही सुरू झाला. सॉफ्टवेअर व्हीबुलेटिन. ते विकत घ्यावं लागे, पण त्या काळी मोठ्या फोरमला दुसरा पर्याय म्हणजे फुकटचं पीएचपीबीबी. दोन्ही साधारण २००० सालची अपत्यं, दोघांची ठेवण सारखी: वर विभाग, विभागात धागे, धाग्यात पानं, पानावर प्रतिसाद, प्रतिसादाच्या डावीकडे लिहिणाऱ्याचं नाव, चित्र, किती लिहिलं त्याचा आकडा.

या आकड्याला उबुंटूवाले 'बीन्स' म्हणायचे. कॉफीच्या बिया. जितकं लिहाल तितक्या बिया, आणि बियांप्रमाणे नावाखालची पदवी बदलायची. नवा माणूस 'फर्स्ट कप ऑफ उबुंटू', मग पाच कप, मग 'डार्क रोस्टेड उबुंटू' वगैरे. पोरखेळ वाटेल. पण समजा, नवख्या माणसाचा संगणक सुरूच होत नाहीये. त्याला चार जण चार आज्ञा टाइप करायला सांगताहेत. त्यातली एक आज्ञा अख्खी डिस्क पुसणारी असू शकते. असे टवाळ तिथे यायचे, इतके की घातक आज्ञांबद्दल सावध करणारी कायमची सूचना फोरमवर लावलेली होती. अशा वेळी त्या नवख्याला दिसायचं काय? एका सल्ल्याखाली दोन बिया, दुसऱ्याखाली आठ हजार. आठ हजारवाला बरोबरच असेल असं नाही, पण डिस्क पुसायला तो आलेला नसतो. पोरखेळातून विश्वासाचं माप तयार झालं होतं, आणि ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. आणखी एक गंमत म्हणजे गप्पांच्या विभागात, 'कम्युनिटी कॅफे'त, लिहिलेलं बियांत मोजलं जात नसे. म्हणजे मदतीची गणना वेगळी, टाइमपासची वेगळी. हा बारकावा कुठल्याही सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत सापडणार नाही.

आता दुसरी बाजू. जुलै २०१३ मध्ये या फोरमवर हल्ला झाला. हल्लेखोराने एका नियंत्रकाचं खातं मिळवलं. त्या खात्याला सार्वजनिक सूचना लावायची परवानगी होती, आणि व्हीबुलेटिनमध्ये सूचनेत कच्चं एचटीएमएल टाकायची मुभा देता येत असे. त्याने सूचना लावली आणि तीन प्रशासकांना व्यक्तिगत निरोप पाठवले: सूचनेच्या पानावर काहीतरी बिघाड दिसतोय, जरा बघता का? एकाने पान उघडलं. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या तपशिलाप्रमाणे त्यानंतर ३१ सेकंदांत हल्लेखोर त्या प्रशासकाच्या खात्यात शिरलेला होता. अठरा लाखांहून जास्त सभासदांची नावं, ईमेल पत्ते आणि पासवर्डांचे हॅश गेले. मग पासवर्ड फोरमकडे ठेवायचेच नाहीत असं ठरलं, प्रवेश कंपनीच्या मध्यवर्ती खात्यातून सुरू झाला. तरी २०१६च्या जुलैत पुन्हा हल्ला, या वेळी फोरमरनर नावाच्या एका जोडणीतल्या न बुजवलेल्या भोकातून. वीस लाख सभासदांचे पत्ते पुन्हा बाहेर. पासवर्ड मात्र या खेपेला वाचले, कारण ते तिथे नव्हतेच.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण 'जुनं ते सोनं' म्हणायला आम्ही इथे आलेलो नाही. जुन्या सॉफ्टवेअरवर राहणं ही स्वस्त गोष्ट नसते. ज्या जोडणीचा कर्ता केव्हाच दुसऱ्या कामाला लागलाय, ती जोडणी तुमच्या घराची मागची खिडकी असते. सभासदाने तुमच्यावर विश्वासाने पत्ता सोपवलेला असतो. "आम्हाला जुनं दिसणं आवडतं" हे उत्तर तिथे पुरत नाही.

२०२५च्या सुरुवातीला उबुंटू फोरम फक्त वाचण्यापुरता राहिला आणि मदतीचं काम डिस्कोर्सवर गेलं. वीस वर्षांचं लेखन जुन्या जागी, नवं लेखन नव्या जागी. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्या बिया? डिस्कोर्सच्या मूळ मांडणीत नावाखाली लेखनाचा आकडा दिसतच नाही. त्याच्याकडे विश्वास मोजायचं स्वतःचं वेगळं माप आहे. आता त्या मापाकडे वळू, कारण समीक्षेचा खरा विषय तोच आहे.

डिस्कोर्सने प्रत्येक सभासदाला शून्य ते चार अशी विश्वासपातळी दिलेली आहे. नवा माणूस शून्यावर. पाच धागे उघडले, तीस प्रतिसाद वाचले, दहा मिनिटं घालवली की पहिली पातळी. मग पंधरा वेगवेगळ्या दिवशी येणं, शंभर प्रतिसाद वाचणं, एखादा 'लाइक' देणं, एखादा घेणं, अशा काही अटी पुऱ्या केल्या की दुसरी. हे आम्हाला फार आवडलं, आधीच कबूल करतो. लिहिण्यापेक्षा वाचण्याला मोल देणारी ही कल्पना मराठी संस्थळांवर आधीच असायला हवी होती. आल्याआल्या पाच धागे काढणारा आणि एकही न वाचणारा सभासद आपण सगळ्यांनी पाहिलाय. जाहिराती टाकणारी यंत्रंही पहिल्या दाराशीच अडतात.

घोटाळा आहे तिसऱ्या पातळीवर. तिचं नाव 'नियमित'. नियमित व्हायचं तर गेल्या शंभर दिवसांतले पन्नास दिवस हजेरी हवी. तीस 'लाइक' दिलेले हवेत, वीस मिळालेले हवेत, आणखीही अटी आहेत. आणि ही पातळी जाते! पातळी मिळाल्यानंतरची दोन आठवड्यांची मुदत सोडली, तर येणं कमी झालं की यंत्र तुम्हाला खाली उतरवतं.

आता एखाद्या जुन्या समूहातला नियमित माणूस डोळ्यांसमोर आणा. तो वर्षातून सहा वेळा येतो. पण आला की असा प्रतिसाद देतो की पुढची पाच वर्षं लोक त्याचा दुवा देतात. कोणी आणीबाणीचा काळ आठवून लिहितो, कोणी शेतीतल्या रोगावर अधिकाराने बोलतो, कोणी रागदारीच्या धाग्यावर एकच दुरुस्ती करतो आणि जातो. समूहात त्याचा शब्द शेवटचा असतो. डिस्कोर्सच्या हिशेबात तो अनियमित. रोज येऊन हृदयाच्या चिन्हावर बोट ठेवणारा नियमित. अधिकार कशाने मिळतो याबद्दलचं हे एक ठाम मत आहे, आणि ते आकड्यांच्या वेशात आलंय म्हणून मत वाटत नाही. प्रशासकाला हे आकडे बदलता येतात, हे खरं. पण बदलायला आधी आपल्याकडे अधिकार कशाने मिळत होता हे ठाऊक हवं. स्थलांतराच्या बैठकीत हा प्रश्न निघत नाही. निघतो तो लोगोच्या रंगाचा.

न संपणाऱ्या पट्टीबद्दलही बोलायला हवं. पानांचे आकडे काढून टाकले, कारण वाचणाऱ्याला 'पुढचं पान' दाबायला लावू नये. वाचन जिथे सोडलं तिथूनच सुरू होतं, ही सोय फार चांगली. पण पट्टी पूर्ण उतरलेली नसते, म्हणून मोठ्या धाग्यात ब्राउझरचा नेहमीचा शोध चालत नाही. कंट्रोल-एफ दाबलं की डिस्कोर्स स्वतःचा शोध पुढे करतं. ही झाली तांत्रिक बाब. सवयीची बाब अशी की लांब धाग्याला पानांमुळे भूगोल होता. "ते भांडण साधारण चौथ्या पानावर झालं", "सातव्या पानापासून धागा भरकटला" ही वाक्यं लोक सहज बोलायचे. पट्टीला भूगोल नसतो, फक्त काळ असतो. दहा प्रतिसादांच्या धाग्यात याने काही बिघडत नाही. मायबोलीवरच्या एखाद्या वाहत्या किंवा हजारो प्रतिसादांच्या धाग्यात बिघडतं.

दुसरं मत आहे सपाटपणाचं. अ‍ॅटवुडने २०१२ सालीच लिहून ठेवलंय की चर्चा सपाट असाव्यात, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या नकोत. डिस्कोर्समध्ये प्रतिसाद काळाच्या क्रमाने एकाखाली एक. मिसळपाव किंवा ऐसी अक्षरेवर वाढलेल्या माणसाला उपप्रतिसाद लागतो. मूळ लेखाची चर्चा वर चालू, आणि कुठल्या तरी एका प्रतिसादाच्या पोटात दोघंतिघं वेगळंच काही बोलताहेत, ओळी उजवीकडे सरकत सरकत चिंचोळ्या झाल्यात, हे दृश्य कुरूप असेल, पण त्या चिंचोळ्या बोळातच बऱ्याचदा खरी मजा असायची. मायबोलीकराला मात्र सपाट धागा घरचाच वाटेल. म्हणजे एकच सॉफ्टवेअर दोन मराठी समूहांना दोन तऱ्हांनी लागेल. 'आधुनिक' हे विशेषण या बाबतीत काहीच सांगत नाही.

आता आमचा खास आवडता भाग. मुळातल्या मांडणीप्रमाणे डिस्कोर्स वीस अक्षरांपेक्षा छोटा प्रतिसाद घेत नाही. 'सहमत' लिहा, परत येईल. '+१', परत. 'वाचतेय', परत. 'पुलेशु', म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, तेही परत. कारण सॉफ्टवेअरच्या मते यासाठी 'लाइक'चं बटण दिलेलं आहे, फुकट जागा कशाला अडवायची? इंग्रजी फोरमवर हा उपद्रव असेलही. पण 'वाचतेय' म्हणजे लाइक नव्हे. त्याचा अर्थ असा की मी इथे आहे, मला मत अजून बनवायचंय, तुम्ही थांबू नका. क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्या बाईंना असे सहा 'वाचतेय' आले की सातवा भाग लिहायला बळ येतं. आणि ते सहा जण कोण हे नावानिशी, आलेल्या क्रमाने दिसतं. हृदयाशेजारच्या सहाच्या आकड्यात ते दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण आकड्यावर टिचकी मारून बघायला जावं लागतं.

असंच 'धागा वर काढणं'. आपल्याकडे जुना धागा वर काढणं हा मान आहे. कोणाच्या वाढदिवसाला, कोणी गेल्यावर, पहिला पाऊस पडल्यावर नऊ वर्षांपूर्वीचा लेख कोणीतरी एका ओळीने वर आणतो आणि नव्या सभासदांना कळतं की इथे आधी काय काय होऊन गेलंय. डिस्कोर्समध्ये सहा महिन्यांहून जुन्या धाग्यावर लिहायला लागलात की ते तुम्हाला अडवून विचारतं: शेवटचा प्रतिसाद फार जुना आहे, खरंच पुढे चालू ठेवायचंय का? तांत्रिक अडचणींच्या फोरमवर ही सूचना शहाणपणाची आहे. २०१६च्या प्रिंटरचा धागा कोणी उकरू नये. ललित लेखनाच्या जागी ती असभ्य वाटते.

आणखी एक. तुमचा लेख आहे, वीस जणांनी प्रतिसाद दिले आणि तुम्ही रिवाजाप्रमाणे एकेकाचे आभार मानत बसलात, तर डिस्कोर्स सुचवतं की लागोपाठ इतके प्रतिसाद देण्यापेक्षा सगळ्यांना एकत्र उत्तर द्या. मग धाग्यात तुमचाच आवाज जास्त झाला तर म्हणतं, इतरांनाही बोलू द्या. घरी आलेल्या प्रत्येकाला वेगळं 'या, बसा' म्हणणाऱ्या आजीला कोणी लाउडस्पीकर द्यावा, तसं हे आहे.

हे सगळं बदलता येतं. वीसचा आकडा खाली आणता येतो, जुन्या धाग्याची सूचना बंद करता येते. डिस्कोर्स मुक्त परवान्याचं आहे, अख्खा साठा उतरवून घेऊन उद्या दुसरीकडे जाता येतं, आणि व्हीबुलेटिनपेक्षा ही फार मोठी गोष्ट आहे. आमचा आक्षेप सॉफ्टवेअरला मतं आहेत यावर नाही. मतं नसलेलं सॉफ्टवेअर नसतंच. पीएचपीबीबीलाही होती, फक्त त्यांची सवय होऊन ती दिसेनाशी झाली होती. आक्षेप आहे तो मूळ मांडणी जशीच्या तशी स्वीकारून 'आता आपण आधुनिक झालो' म्हणण्याला.

देवनागरीकडे या. मायबोली १९९६ची, मिसळपाव २००७ची, ऐसी अक्षरे २०११ची. डिस्कोर्सवर असा समूह न्यायचा ठरवलं, तर पहिल्याच दिवशी कळेल की सभासदनाव देवनागरीत ठेवायची मुभा मुळात बंद असते, ती शोधून चालू करावी लागते. नाही केली, तर वर्षानुवर्षं ज्या आयडीने माणूस ओळखला गेला, त्याच्या जागी यंत्राने सुचवलेलं रोमन नाव येतं. आयडी म्हणजे टोपणनाव नव्हे हो, तिथल्या माणसाचा चेहरा आहे तो! शीर्षकाचंही तसंच. मूळ मांडणीत पत्त्यात फक्त रोमन अक्षरं घेतली जातात, म्हणून प्रत्येक मराठी लेखाच्या पत्त्यात शीर्षकाऐवजी 'टॉपिक' एवढाच शब्द उमटतो. हेही बदलता येतं.

जुन्या साठ्यात याहून खोल खड्डे आहेत. युनिकोडपूर्व काळात शिवाजी, कृतिदेव असल्या फॉंटांत लिहिलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर देवनागरीचा मुखवटा. फॉंट गेला की मजकूर गेला. शोधात तर तो कधी सापडतच नव्हता. त्यानंतरच्या काळाचा खड्डा फसवा आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. पण अनेक जुन्या डेटाबेसांत तक्ता 'लॅटिन-१' म्हणून घोषित केलेला आणि आत भरलेले बाइट मात्र यूटीएफ-८चे. आत घालताना चूक, बाहेर काढताना तीच चूक, त्यामुळे पानावर सगळं बरोबर दिसतं. स्थलांतर करणारा माणूस शहाणपणा करून एकदाच रूपांतर करतो आणि पंधरा वर्षांचं लेखन परदेशी स्वरचिन्हांच्या चिखलात बदलतं. ते परत आणता येतं. पण चूक कळेपर्यंत त्यावर नवं लेखन साचलेलं नसलं तरच ते सोपं असतं.

या सगळ्याला घाई लागते ती बाहेरून. बरीचशी मराठी संस्थळं द्रुपलवर उभी राहिली. द्रुपलच्या सातव्या आवृत्तीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ला संपली, आणि सातातून पुढे जाणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, घरच बदलणं. बरं, हे करणार कोण? दिवसा नोकरी आणि रात्री संस्थळ सांभाळणारे एक-दोन जण. द्रुपल किंवा पीएचपीबीबी सामायिक होस्टिंगच्या स्वस्त खोलीत राहतं. डिस्कोर्सला स्वतःचा सर्व्हर लागतो, किमान एक जीबी मेमरीचा, आणि डॉकर वगैरे सांभाळायची तयारी. चालवणाऱ्यांना ना पगार ना सुट्टी. त्यांच्यावर टीका करताना सभासदांनी हे एकदा आठवावं.

पण दुसरी वाट नाहीच का? आहे. ती चोखाळलेली दिसते विकिपीडियावर. मराठी विकिपीडियात सगळ्यांनी जमून बोलायच्या पानाला 'चावडी' म्हणतात. विकिपीडियाचं चर्चापान म्हणजे मुळात कोरं पानच असतं. लिहा, पुढे अपूर्णविराम (:) टाकून ओळ आत सरकवा, शेवटी चार नागमोडी चिन्हं टाकून सही करा. नवख्याला हे जमत नाही, सही राहते, ओळी चुकतात. म्हणून २०१३च्या सुमारास विकिमीडिया प्रतिष्ठानने 'फ्लो' नावाचं नवं चर्चासॉफ्टवेअर आणलं. चौकटी, बटणं, न संपणारी पट्टी, दिसायला नीटनेटकं. जुन्या संपादकांनी, विशेषतः इंग्रजीतल्या, ते नाकारलं, आणि इंग्रजी विकिपीडियावरून ते काढावं लागलं.

हट्टी म्हातारे म्हणून त्यांची चेष्टा झाली. पण त्यांचं म्हणणं नेमकं होतं. चर्चापानावर ते फक्त बोलत नव्हते, काम करत होते. लेखातला तक्ता तिथे आणून दुरुस्त करायचा, परिच्छेदाचा मसुदा चौघांनी मिळून तिथेच घोटायचा, भरकटलेला भाग उचलून दुसरीकडे ठेवायचा. कोरं पान हे सगळं करू देत होतं. चौकटीत फक्त बोलता येत होतं. २०१९ मध्ये प्रतिष्ठानने वेगवेगळ्या भाषांतल्या संपादकांशी लांबलचक सल्लामसलत केली आणि त्यातून जे निघालं ते अगदी साधं होतं: पान तसंच ठेवा, प्रत्येक प्रतिसादाखाली उत्तर देण्याचा एक दुवा द्या. दाबलं की खिडकी उघडते, सही आपोआप होते, ओळ आपोआप आत सरकते. आत मात्र तोच जुना मजकूर, हाताने लिहिणारा हातानेच लिहू शकतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते बहुतेक विकिपीडियांवर नेहमीचं झालं, आणि नवख्याची अडचणही सुटली.

फ्लो करणारे अडाणी होते असं आम्हाला वाटत नाही. त्यांनी नवख्याची अडचण बरोबर ओळखली होती. चर्चापानावर जुने लोक बोलण्यापलीकडे काय करतात, हे मात्र त्यांनी त्या लोकांना उशिरा विचारलं. विचारायला फार काही लागत नाही. बंद होणाऱ्या फोरमवर एक धागा काढा: 'इथे तुम्ही असं काय करता, जे सॉफ्टवेअरने तुम्हाला शिकवलेलं नाही?' तिथे पुलेशु येईल, धागा वर काढणं येईल, विपू येईल, खरडवही येईल, कट्ट्याचा वृत्तान्त येईल. ती यादी हातात घेऊन मग नव्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगांत शिरावं.

शेवटचा मुद्दा पासवर्डाचा, आणि त्यातच आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एका सॉफ्टवेअरचा पासवर्डाचा हॅश दुसऱ्याला सहसा कळत नाही. वेगळं प्लगिन लावलं तर जुना पासवर्ड चालतो, नाहीतर प्रत्येकाला ईमेलवर दुवा पाठवून नवा घ्यायला सांगतात. रोज येणाऱ्याला त्यात पाच मिनिटं जातात. पण २००८ साली ज्यांनी कॉलेजच्या किंवा सोडलेल्या कंपनीच्या पत्त्यावरून नाव नोंदवलं, त्यांचं काय? ते वर्षातून दोनदा यायचे, ब्राउझरमध्ये प्रवेश टिकून होता म्हणून. स्थलांतराच्या रात्री तो तुटतो. त्यांचं लेखन तिथेच असतं, त्यांच्याच नावाने असतं, पण त्यांना त्यात एक वेलांटी दुरुस्त करता येत नाही. बहुतेक जण तक्रारही करत नाहीत. तक्रार करायलाही आत यावं लागतं ना!

म्हणून प्रवेश बंद होण्याच्या निदान तीन-चार महिने आधी, जुन्या फोरमवर प्रत्येक प्रवेश केलेल्या माणसाला त्याचा नोंदलेला पत्ता दाखवून 'हा अजून चालतो का?' एवढं विचारावं. आणि जे आता हयात नाहीत, त्यांच्या आयडींची यादी समूहातल्या माहितगारांनी बसून करावी. डिस्कोर्समध्ये दीर्घकाळ न वापरलेली, काहीच न लिहिलेली खाती आपोआप पुसण्याची सोय आहे. लिहिलेली खाती त्यात जात नाहीत. पण व्यक्तिगत निरोप, वाचनखुणा, अर्धवट मसुदे आयात करताना वगळायचे की ठेवायचे, हे आयातीच्या वेळी कोणीतरी माणूसच ठरवतो, आणि बहुतेकदा तो रात्री दोन वाजता एकटा बसलेला असतो. त्याच्या शेजारी त्या रात्री समूहातला आणखी एक जण बसलेला असावा, एवढीच आमची सूचना आहे.

आता प्रश्न घेऊ. मागून दुसऱ्या रांगेत मघापासून एक हात वर आहे. माइक तिकडे द्या, प्लीज.